धावपळीच्या दिवसांत व्यायाम टिकवावा कसा?

‘‘डॉक्टर, मी नियमित फिरायला जात होतो हो, पण मध्येच मुलीचं लग्न निघालं आणि सगळं बंद पडलं.’’ दवाखान्यात हे वाक्य मी वरचेवर ऐकतो. लग्नाच्या जागी कधी मार्चअखेर असते, कधी घराचे बांधकाम, कधी मुलाची बारावी, तर कधी सासूबाईंचे आजारपण. त्यानंतरचे वाक्य मात्र ठरलेले असते : ‘‘आता जरा मोकळा झालो की पुन्हा सुरू करतो.’’ अशा रुग्णाचे जुने कागद उलटून पाहिले, तर सहा महिन्यांपूर्वीही त्याने हेच सांगितल्याचे दिसते. दरम्यान रक्तातील साखर वाढलेली असते, वजनात तीन-चार किलोंची भर पडलेली असते आणि रक्तदाबाची गोळी वाढवण्याची वेळ आलेली असते.

व्यायामाचे फायदे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, निद्रानाश अशा अनेक तक्रारींवर त्याचा उपयोग होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. व्यायाम सुरू करणारेही पुष्कळ असतात. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर फिरणाऱ्यांची गर्दी पाहावी. अडते ते त्यानंतर. म्हणून धावपळीच्या काळात व्यायाम टिकवायचा कसा, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

मोकळे दिवस येतात कधी?

आपल्याकडचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. दसरा-दिवाळीत दुकानदाराला जेवायला फुरसत नसते. तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई सुरू होते. त्यानंतर रब्बीची काढणी, शाळांची स्नेहसंमेलने आणि परीक्षा. मार्चअखेरीस बँका, पतसंस्था आणि सरकारी कचेऱ्यांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. एप्रिल-मे महिन्यांत ऊन, पाहुणे आणि पुन्हा लग्ने. जूनमध्ये पेरण्या, शाळांचे प्रवेश आणि पाऊस. मग श्रावणातले सण, गणपती, नवरात्र आणि परत दिवाळी. ‘मोकळा झालो की’ म्हणणाऱ्याला या यादीत मोकळा महिना सापडत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात महाराष्ट्रासह तीन राज्ये आणि चंडीगड यांचा समावेश होता. पाहणीतील निम्म्याहून अधिक लोक शारीरिक हालचालींच्या दृष्टीने निष्क्रिय गटात मोडत होते. फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ करणाऱ्यांचे प्रमाण तर १० टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे व्यायाम करणारे मुळातच थोडे. त्यांतलेही निम्मे एखाद्या लग्नात किंवा मार्चअखेरीत गळाले, तर उरणार किती?

खंड कसा पडतो?

माझ्या एका रुग्णाचे किराणा दुकान आहे. त्यांचा मधुमेह गोळ्या आणि पाऊण तासाचे फिरणे यांवर उत्तम आटोक्यात होता. दिवाळीच्या हंगामात रात्री बारापर्यंत हिशेब चालत. पहिल्या दिवशी पहाटे जाग आली नाही. दुसऱ्या दिवशी जाग आली, पण हातात पंधराच मिनिटे होती. ‘पंधरा मिनिटांत काय होणार?’ म्हणून ते गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी तसेच. दिवाळी संपली तेव्हा सवय मोडलेली होती आणि थंडी सुरू झाली होती. माघ महिन्यात ते माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या पुढे गेली होती.

यातील पहिला दिवस बुडाला, त्याने काहीच बिघडले नाही. नुकसान केले ते दुसऱ्या दिवशीच्या विचाराने. पाऊण तास जमत नसेल तर काहीच करायचे नाही, असे बहुतेकांच्या मनात पक्के बसलेले असते. हाताशी आलेली पंधरा मिनिटे त्यापायी वाया जातात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता. ९६ जणांनी रोज एक नवी गोष्ट करायची ठरवली. ती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला सात-आठ महिने लागतील असा अंदाज निघाला. त्यातील दिलासा देणारी बाब अशी, की अधूनमधून एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही. तेव्हा एक दिवस बुडाल्याचे मनाला लावून घेऊ नये. दुसऱ्या दिवशी जमेल तेवढे करावे.

खंड पडला की शरीरात काय होते?

हे समजले म्हणजे किती खंड चालेल, ते आपले आपल्याला ठरवता येते.

रक्तातील साखर : आपण चालतो तेव्हा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. व्यायाम थांबल्यावरही एक ते दोन दिवस, फार तर तीन दिवस इन्सुलिनचे काम अधिक चांगले चालते. त्यानंतर हा परिणाम ओसरतो. म्हणूनच मधुमेहाच्या रुग्णाने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. महिनाभर फिरून मिळवलेला हा फायदा बँकेतल्या ठेवीसारखा साठून राहत नाही.

रक्तदाब : व्यायामानंतर रक्तदाब काही तास थोडा खाली राहतो. रोजच्या व्यायामाने हा लाभ रोज मिळतो. व्यायाम काही आठवडे बंद राहिला, की रक्तदाब पूर्वपदावर येऊ लागतो.

दमसास : व्यायाम पूर्ण बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांतच दमसास कमी होऊ लागतो. प्रथम रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कमी रक्त पुढे ढकलले जाते. पूर्वी सहज चढत असलेल्या जिन्यावर धाप लागते, ती यामुळे.

स्नायूंची ताकद : ही मात्र हळू उतरते. तरुण माणसाने तीन-चार आठवडे जोर-बैठका सोडल्या तरी फारसा फरक पडत नाही. साठीच्या पुढे ती अधिक वेगाने घटते, आणि माणूस अंथरुणाला खिळला असेल तर फारच झपाट्याने.

कमावायला रुपया, राखायला चार आणे

या विषयावरचे सर्वांत उपयुक्त प्रयोग अमेरिकेत शिकागो येथे रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केले. त्यांनी काही जणांकडून १० आठवडे, आठवड्यातून ६ दिवस, रोज ४० मिनिटे सायकल चालवणे आणि धावणे असा कडक व्यायाम करून घेतला. सर्वांचा दमसास चांगला वाढला. त्यानंतर १५ आठवडे व्यायाम कमी केला. एका प्रयोगात ६ दिवसांचे ४ किंवा २ दिवस केले. दुसऱ्यात दिवस तेवढेच ठेवून ४० मिनिटांची २६ किंवा १३ मिनिटे केली. दोन्ही प्रयोगांत कमावलेला दमसास जवळजवळ तसाच राहिला. १३ मिनिटे व्यायाम करणाऱ्यांची फार वेळ टिकून राहण्याची क्षमता तेवढी थोडी कमी झाली.

तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि मिनिटे पूर्वीइतकीच ठेवली, पण व्यायामाचा जोर कमी केला. त्या वेळी मात्र दमसास टिकला नाही.

हे प्रयोग निरोगी माणसांवर झाले होते, हे लक्षात ठेवावे. रुग्णांनी त्यांचा कडक व्यायाम उचलू नये. पण त्यातला धडा आपल्या सर्वांना लागू पडतो. व्यायामाने आलेली क्षमता कमावायला रुपया लागत असेल, तर काही महिने ती राखायला चार आणे पुरतात. घाईच्या दिवसांत वेळ कमी करावा, दिवस कमी करावेत, पण जेवढे चालाल तेवढे रेंगाळत चालू नये. स्नायूंच्या ताकदीचेही असेच आहे. तरुणांना ती राखण्यासाठी काही काळ आठवड्यातून एकदा केलेला व्यायामही पुरतो. वयस्कांनी दोनदा करावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. पूर्वी व्यायाम एका वेळी किमान १० मिनिटे तरी सलग हवा, अशी अट होती. या सूचनांत ती काढून टाकण्यात आली. पाच मिनिटांचे झपझप चालणेही आता हिशेबात धरले जाते.

घाईच्या दिवसांचा नेम

नेहमीचा व्यायाम आणि घाईच्या दिवसांचा व्यायाम असे दोन वेगळे नेम ठरवून ठेवावेत, असे मी रुग्णांना सांगतो. दुसरा नेम इतका लहान हवा, की घरात मांडव पडला असला तरी तो पाळता यावा. तो असा असू शकतो :

१) रोज १० ते १५ मिनिटे झपझप चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग असावा. मोजमापासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

२) एकदम वेळ नसेल तर चालणे जेवणानंतर वाटून घ्यावे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, साखर वाढण्याचा धोका असलेल्या वयस्कांनी तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटे चालून पाहिले. दिवसभराची साखर आटोक्यात ठेवण्यासाठी ते सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकेच उपयोगी ठरले. रात्रीच्या जेवणानंतरची साखर तर त्यामुळे अधिक चांगली राहिली. रात्री जेवून लगेच आडवे होणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

३) आठवड्यातून दोन दिवस घरातल्या घरात सात-आठ मिनिटे ताकदीचे व्यायाम. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा ऊठबस, भिंतीला हात टेकून दहा जोर, ओट्याला धरून वीस वेळा टाचा उचलणे. हेच पुन्हा एकदा. ज्यांना सवय आहे त्यांनी बारा सूर्यनमस्कार घालावेत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. त्यांना सतरंजीएवढी जागा पुरते, हा घाईच्या दिवसांत मोठाच गुण आहे.

४) कामात चालणे मिसळावे. लंडनमधील दुमजली बसगाड्यांचे चालक आणि कंडक्टर यांची तुलना करणारा जेरी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात दिसले. आमंत्रणे वाटायची असतील तर जवळच्या चार घरी मोटारसायकल न काढता पायी जावे. कचेरीत जिना चढावा. फोनवर बोलताना उभे राहून येरझाऱ्या घालाव्यात.

५) व्यायाम रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाकावा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटले की तो मिळत नाही. ‘दुपारी दुकानाचे शटर ओढल्यावर’, ‘संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर’ असे ठरवले, तर आठवण वेगळी ठेवावी लागत नाही.

६) आठवडाभर अजिबात जमले नाही, तर रविवारी भरपाई करावी. ब्रिटनमध्ये सुमारे ९० हजार लोकांच्या हालचाली मनगटावरील यंत्राने मोजून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही निष्क्रिय लोकांच्या मानाने हृदयविकाराचा धोका कमी आढळला. मधुमेहींनी मात्र दोन दिवसांची मर्यादा पाळणेच बरे.

शेतकऱ्यांना सुगीत वेगळ्या व्यायामाची गरज नसते, हे सांगायला नकोच. कंबर आणि पाठ ताणून मोकळी करावी, एवढे पुरे. पण दिवसभर ट्रॅक्टरवर बसणाऱ्याने आपल्याला कष्टकरी समजू नये. त्याचे काम लंडनच्या त्या चालकासारखे आहे.

घरातल्या बाईने कधी करायचा?

या प्रश्नाचे उत्तर केवळ युक्त्यांनी मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिका पंचेचाळिशीच्या आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. त्यांच्या सासूबाईंना पक्षाघात झाला. सकाळी सासूबाईंचे अंथरुण, अंघोळ, डबे, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा तेच. वर्षभर त्यांचे फिरणे बंद होते. ‘‘दिवसभर पायाला भिंगरी असते, वेगळा व्यायाम कशाला?’’ असे त्यांचे यजमान मला म्हणाले.

घरकाम ही हालचाल आहे आणि बसून राहण्यापेक्षा ती केव्हाही चांगली. पण ओट्यापाशी तासन् तास उभे राहिल्याने पाय दुखतात, दमसास वाढत नाही. रुग्णाला उचलण्याने कंबर धरते, ताकद येतेच असे नाही. झपझप चालण्यात छातीचे ठोके काही काळ सलग वाढलेले राहतात, तसे घरकामात क्वचितच होते. शिवाय, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला घराबाहेरच्या वीस मिनिटांची गरज मनासाठीही असते.

मी यजमानांना एकच गोष्ट लिहून दिली. संध्याकाळी सात ते सात वाजून वीस मिनिटे त्यांनी आईजवळ बसायचे. औषधाच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली हे लिहिलेले पाहून ते हसले, पण बसू लागले. तीन महिन्यांनी बाईंची तीन महिन्यांची सरासरी साखर उतरली होती. त्यात गोळ्यांचा वाटा होताच, पण गोळ्या आधीही चालू होत्या. घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी हे आपापल्या घरात ताडून पाहावे. पत्नीला किंवा आईला ‘व्यायाम कर’ असे सांगण्यापेक्षा तिचे वीस मिनिटांचे काम आपल्या अंगावर घेणे अधिक उपयोगाचे असते.

झोप मोडून व्यायाम नको

रात्री एकला झोपून पाचला गजर लावणारे उत्साही लोकही भेटतात. प्रौढ माणसाला साधारण सात तास झोप हवी. एखाद्या दिवशी कमी झाली तर चालते, पण महिनाभर चार तास झोपून पहाटे धावण्याने साखर आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. अशा दिवसांत पहाटेचे फिरणे सोडून द्यावे आणि संध्याकाळी किंवा जेवणानंतर चालावे. व्यायामाला पहाटच लागते, असा काही नियम नाही.

केव्हा थांबावे?

ताप असेल, जुलाब-उलट्या होत असतील किंवा अंग मोडून आले असेल, तर व्यायाम पूर्ण बंद ठेवावा. चालताना छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, घेरी किंवा छातीत धडधड जाणवली, तर तेथेच थांबावे आणि विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. ‘दगदगीने झाले असेल’ म्हणून हे अंगावर काढू नये.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी लग्नकार्यात विशेष जपावे. गोळी सकाळी घेतलेली असते, पंगत दुपारी तीनला बसते आणि मधल्या वेळात धावपळ चालू असते. अशा वेळी साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड ही तिची लक्षणे. खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि घरातील एकाला तरी त्याची कल्पना द्यावी.

पुन्हा सुरू करताना

इतके करूनही कधी दोन-तीन महिन्यांचा खंड पडतोच. बाळंतपण, शस्त्रक्रिया, घरातील मृत्यू, बदलीचे गाव अशी कारणे असतात आणि त्यात कोणाचा दोष नसतो. पुन्हा सुरू करताना पूर्वीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत यावे. पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणारा दुसऱ्या दिवशी जिना उतरू शकत नाही आणि तिसऱ्या दिवशी व्यायाम सोडतो. चाळिशी उलटलेल्या, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तींनी मोठ्या खंडानंतर एकदा तपासून घ्यावे. बाळंतिणीने व्यायाम केव्हा सुरू करावा, हे बाळंतपण कसे झाले त्यावरून तिचे डॉक्टर सांगतील.

माझ्या किराणावाल्या रुग्णाने यावर एक सोपा उपाय काढला आहे. दुकानातील भिंतीवरच्या कॅलेंडरवर व्यायाम झाला त्या दिवशी तो खूण करतो. पूर्ण फिरणे झाले तर उभी रेघ, दहा मिनिटेच झाली तर टिंब. सलग दोन चौकटी कोऱ्या राहिल्या तर चालते, तिसरी कोरी राहू द्यायची नाही, एवढाच त्याचा नियम. मागच्या दिवाळीत त्याच्या कॅलेंडरवर टिंबेच टिंबे होती, पण कार्तिकानंतर रेघा पुन्हा सुरू झाल्या. आपल्याही घरात कॅलेंडर असतेच. आपला घाईचा नेम कोणता, तो कोणत्या कामानंतर करायचा आणि त्या वेळी घरचे काम कोण पाहील, या तीन ओळी आजच त्याच्या मागच्या पानावर लिहून ठेवाव्यात.